विश्लेषण : ‘आधार लिंक आहे’, मग पैसे दुसऱ्याच बँकेत कसे गेले? टेंभलीपासून सुरू झालेल्या डेटाबेसची गोष्ट

२९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील शहादा तालुक्यातल्या टेंभली गावात हेलिकॉप्टर उतरले. तत्कालीन पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी यांच्या उपस्थितीत देशातील पहिले ‘आधार’ क्रमांक इथे देण्यात आले. पहिला क्रमांक मिळाला तो गावातील एका महिलेला. आज ही संख्या १३० कोटींच्या पुढे गेली आहे. पत्रकार अधूनमधून टेंभलीला जातात, त्या पहिल्या कार्डाचा फोटो काढतात आणि ‘आधार मिळाले, पुढे काय?’ असा मथळा देऊन परततात.

हा प्रश्न गेल्या वर्षी आमच्याच घरात आला. शहाद्याकडे राहणाऱ्या माझ्या मावशीने ‘लाडकी बहीण’ योजनेचा अर्ज भरला. अर्ज मंजूर झाल्याचा मेसेज आला. गल्लीतल्या बायकांच्या खात्यात दीड हजार रुपये जमा झाले, मावशीचे पासबुक मात्र कोरे. बँकेत विचारले तर उत्तर एकच : ‘तुमचे आधार लिंक आहे, आमच्याकडून काही अडचण नाही.’ मावशीचा फोन आला, ‘अरे, तू इंजिनीअर ना, मग सांग, लिंक आहे तर पैसे कुठे अडकले?’

पैसे अडकले नव्हतेच. ते वेळेवर निघाले होते आणि वेळेवर पोहोचलेही होते, फक्त दुसऱ्या बँकेत. असे का होते हे कळायला डेटाबेसच्या दोन-चार मूळ गोष्टी माहीत हव्यात. इंजिनीअरिंगला हा विषय आम्ही मार्कांपुरता शिकलो होतो. त्याचा खरा उपयोग मावशीच्या पासबुकावर झाला.

डेटाबेस म्हणजे नेमके काय?

माहितीचा साठा म्हणजे डेटाबेस, ही व्याख्या अपुरी आहे. झेरॉक्सच्या गठ्ठ्यातही साठा असतो. ठरलेल्या रकान्यांत, ठरलेल्या नियमांनी लिहिलेली आणि एका नोंदीवरून दुसरी नोंद शोधता येईल अशी माहिती म्हणजे डेटाबेस. या अर्थाने आपल्याकडचा सर्वात ओळखीचा डेटाबेस संगणकाच्या कितीतरी आधीचा आहे, तो म्हणजे तलाठ्याचे दप्तर.

सातबारा हे एक कागदपत्र नाही, ते दोन तक्ते आहेत. गाव नमुना सात म्हणजे जमिनीवर कोणाचा हक्क आहे त्याची नोंद. गाव नमुना बारा म्हणजे त्या जमिनीत कोणते पीक आहे त्याची नोंद. दोन्ही तक्त्यांत गट क्रमांक समान असल्याने त्यांची जोडणी होते आणि हातात एकच उतारा येतो. संगणकशास्त्रात याला ‘जॉइन’ म्हणतात. हीच जमीन गटाऐवजी खातेदाराच्या नावाने पाहायची असेल तर आठ-अ काढायचा. वारस लागले, जमीन विकली, बोजा चढला की नोंद आधी गाव नमुना सहामध्ये, म्हणजे फेरफार नोंदवहीत होते आणि नंतर सातबारा बदलतो. कोणता बदल कधी आणि कशामुळे झाला याची अशी ओळीने वही ठेवणे ही आज जगातल्या प्रत्येक मोठ्या डेटाबेसची सवय आहे. तिला ‘लॉग’ म्हणतात.

तक्ते, ओळी आणि रकाने यांचा हा विचार संगणकासाठी गणिताच्या भाषेत मांडला तो आयबीएममधील संशोधक एडगर कॉड यांनी, १९७० मध्ये. त्यावर बेतलेली प्रश्न विचारण्याची भाषा, जी पुढे ‘एसक्यूएल’ नावाने प्रसिद्ध झाली, ती १९७४ च्या सुमारास त्याच कंपनीत तयार झाली. बँक, रेल्वे आरक्षण, वीजबिल या सगळ्यांच्या मुळाशी आजही बहुतांशी हीच मांडणी आहे.

बारा अंकांत काय दडले आहे?

काहीच नाही, आणि तीच त्यातली हुशारी आहे.

तक्त्यातली प्रत्येक ओळ इतरांपासून वेगळी ओळखता यावी म्हणून एक रकाना असा लागतो, ज्यात कोणतीही किंमत दोनदा येत नाही. त्याला ‘प्रायमरी की’ म्हणतात. नाव ही की होऊ शकत नाही. एकाच पाड्यावर एकाच नावाचे तीन पाडवी किंवा चार वसावे सहज सापडतात. मोबाइल क्रमांकही चालत नाही, कारण तो बदलतो आणि घरात अनेकदा एकच असतो.

मग अर्थपूर्ण क्रमांक का देऊ नये, ज्यात जिल्हा, तालुका, गाव सगळे कळेल? याचे उत्तर नंदुरबारच्या रस्त्यांवर दिसते. १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्याचे विभाजन होऊन नंदुरबार जिल्हा झाला. धुळ्याचा वाहन क्रमांक एमएच १८, नंदुरबारचा एमएच ३९. पण आधी नोंदलेल्या गाड्यांवर एमएच १८ च राहिला. गाडी नंदुरबारची, मालक नंदुरबारचा, क्रमांक सांगतो धुळे. ओळखीच्या क्रमांकात माहिती कोंबली की माहिती बदलते आणि क्रमांक तसाच राहतो, म्हणजे तो खोटे बोलू लागतो. ‘आधार’ रचताना ही चूक टाळली. त्या क्रमांकावरून जात, वय, राज्य, गाव काहीही कळत नाही.

एक बारीक गोष्ट मला फार आवडते. आधारचा क्रमांक शून्य किंवा एकने सुरू होत नाही आणि बारावा अंक हा आधीच्या अकरा अंकांवरून काढलेला तपासणीचा अंक असतो. डच गणितज्ञ याकोबस व्हेरहूफ यांची ही पद्धत १९६९ मधली. एखादा अंक चुकीचा टाइप झाला किंवा शेजारशेजारचे दोन अंक उलटे पडले, तर अशी प्रत्येक चूक ती पकडते. सेवा केंद्रात घाईने क्रमांक टाकताना ‘इनव्हॅलिड’ असा लाल शब्द झटकन येतो, त्यामागे बहुतेक वेळा हेच गणित असते. सर्व्हरला विचारण्याचीही गरज पडत नाही.

एका माणसाला दोन क्रमांक मिळू नयेत म्हणून दहा बोटांचे ठसे, दोन्ही डोळ्यांची बुबुळे आणि चेहरा घेतला जातो आणि नवी नोंद आधीच्या सगळ्या नोंदींशी ताडून पाहिली जाते. रेशन दुकानात अंगठा लावतो तेव्हा होते ते याहून खूप सोपे काम आहे. तिथे फक्त ‘हा अंगठा या क्रमांकाचा आहे का?’ एवढेच विचारले जाते आणि उत्तर हो किंवा नाही एवढेच येते. अर्थात आयुष्यभर ऊस तोडलेल्या किंवा दगड फोडलेल्या बोटांवर रेषाच उरत नाहीत. तेव्हा ‘नाही’ हे उत्तर माणसाबद्दल नसते, त्याच्या त्वचेबद्दल असते.

मग मावशीचे पैसे कुठे गेले?

आता मुख्य मुद्दा. ‘आधार लिंक आहे’ या तीन शब्दांत दोन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ आहे.

पहिली गोष्ट : बँकेने तुमच्या खात्यासमोर तुमचा आधार क्रमांक नोंदवला आहे. ही नोंद बँकेच्या स्वतःच्या तक्त्यात असते. तुमची तीन बँकांत तीन खाती असतील तर तिन्हीकडे ती असू शकते, आणि तिन्ही बँका ‘लिंक आहे’ म्हणतात तेव्हा त्या खरेच सांगत असतात.

दुसरी गोष्ट : सरकारचे पैसे कोणत्या बँकेकडे पाठवायचे याचा एक वेगळा तक्ता आहे. तो नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशन म्हणजे एनपीसीआयकडे असतो. त्याला ‘मॅपर’ म्हणतात. या तक्त्यात आधार क्रमांक ही की आहे, म्हणून एका आधारसमोर एकाच बँकेचे नाव राहू शकते. तुम्ही नव्या बँकेत अनुदानासाठी संमती दिली की जुन्या बँकेचे नाव पुसले जाते आणि नवे लागते. शेवटी जिने नोंद केली ती बँक जिंकते.

यात आणखी एक खोच आहे, जी बऱ्याच जणांना माहीत नसते. मॅपरमध्ये खाते क्रमांक नसतोच. फक्त बँकेची ओळख असते. सरकारी खात्याकडून यादी निघते, त्यात आधार क्रमांक आणि रक्कम. मॅपर सांगतो, ‘ही रक्कम अमुक बँकेला द्या.’ ती बँक आपल्या तक्त्यात पाहते आणि या आधारसमोर कोणते खाते आहे ते शोधून पैसे जमा करते. म्हणजे चूक दोन ठिकाणी होऊ शकते : मॅपरमध्ये भलतीच बँक, किंवा बँक बरोबर पण तिच्या आत भलतेच किंवा बंद पडलेले खाते. आधारवर चालणाऱ्या या वाटपात, तुम्ही अर्जासोबत मोठ्या काळजीने जोडलेल्या पासबुकाच्या झेरॉक्सवरचा खाते क्रमांक पैशाचा रस्ता ठरवत नाही.

मावशीच्या बाबतीत पहिली चूक होती. काही वर्षांपूर्वी गावात एक शिबिर भरले होते, ‘झिरो बॅलन्स’ खाती काढून देणारे. मावशीने अंगठा दिला, एक पाकीट मिळाले, ते कपाटात गेले. त्या अंगठ्यासोबत अनुदान या बँकेत घेण्याची संमतीही गेली होती. तिला ते कोणी सांगितले नाही, आणि सांगितले असते तरी ‘मॅपर’ हा शब्द ऐकून ती हसलीच असती.

हा प्रकार काही एकट्या मावशीचा नाही. २०१७ मध्ये एअरटेलच्या मोबाइल ग्राहकांची सिमसाठी आधार पडताळणी करताना त्यांच्या नकळत एअरटेल पेमेंट्स बँकेत खाती उघडली गेल्याचे समोर आले. लाखो घरांचे गॅस अनुदान त्या खात्यांत जाऊ लागले. त्या डिसेंबरमध्ये आधार प्राधिकरणाने कंपनीचा पडताळणी परवाना काही काळ स्थगित केला. तांत्रिकदृष्ट्या पाहिले तर डेटाबेसमध्ये कुठेही बिघाड नव्हता. नियमाप्रमाणे शेवटची नोंद जिंकली, एवढेच.

नाव एक, स्पेलिंग चार

कॉड यांच्या मांडणीतून पुढे एक शिस्त आली, ‘नॉर्मलायझेशन’. एक तथ्य एकाच जागी लिहावे आणि बाकी सगळीकडे त्याच्याकडे बोट दाखवावे, असा तिचा गाभा. तेच तथ्य पाच ठिकाणी लिहिले की आज ना उद्या पाच उत्तरे मिळतात.

आपल्याकडे एका बाईचे नाव रेशन कार्डावर, जॉबकार्डावर, बँकेत, मतदार यादीत, शाळेच्या दाखल्यावर आणि आधारवर वेगवेगळ्या माणसांनी वेगवेगळ्या वर्षी लिहिलेले असते. कुठे वडिलांचे नाव मधे, कुठे नवऱ्याचे. त्यात लिपीचा घोळ. देवनागरीत वळवी एकच, इंग्रजीत त्याचे पहिले अक्षर कुठे ‘व्ही’, कुठे ‘डब्ल्यू’. पाडवी, पावरा, गावित यांचेही तसेच. माणसाला ही एकच व्यक्ती दिसते, संगणकाला दोन वेगळ्या अक्षरमाळा. मनरेगाची मजुरी १ जानेवारी २०२४ पासून आधारवर आधारित पद्धतीने देणे सक्तीचे झाले, तेव्हा जॉबकार्डवरचे नाव आणि आधारवरचे नाव जुळणे हा अक्षरांचा प्रश्न उरला नाही, तो मजुरीचा प्रश्न झाला.

जन्मतारखेचे तर वेगळेच. ज्याची किंमत माहीत नाही असा रकाना रिकामा ठेवायची सोय डेटाबेसमध्ये असते. तिला ‘नल’ म्हणतात. नल म्हणजे शून्य नव्हे, नल म्हणजे ‘माहीत नाही’. पण आपल्या अर्जांना ‘माहीत नाही’ हे उत्तर चालत नाही. मग शाळेत गुरुजी १ जून लिहितात, आधार केंद्रावर फक्त वय सांगितले की १ जानेवारी पडते. दोन्ही तारखा काल्पनिक, आणि एकमेकींशी न जुळणाऱ्या. ‘लाडकी बहीण’साठी वयाची अट २१ ते ६५ वर्षे आहे. या काल्पनिक तारखांवर कोण पात्र आणि कोण अपात्र ते ठरते. बरे, आधारवरची जन्मतारीख साधारणपणे एकदाच बदलता येते आणि नाव दोनदा. त्यामुळे घाईत केलेली दुरुस्तीही महागात पडते.

रेंज गेली तर धान्य कोणाचे?

समजा, अक्राणीच्या डोंगरातले एखादे रेशन दुकान आहे. बाईने अंगठा दिला, यंत्राने ओळखले, ‘२५ किलो दिले’ ही नोंद निघाली आणि तेवढ्यात रेंज गेली. आता धान्य दिले असे मानायचे की नाही?

यासाठी ‘ट्रान्झॅक्शन’ ही कल्पना आहे. एकमेकांवर अवलंबून असलेल्या सगळ्या पायऱ्या एका गाठोड्यात बांधायच्या. सगळ्या पूर्ण झाल्या तरच नोंद कायम, एक जरी राहिली तर काहीच झाले नाही असे समजून मागे फिरायचे. पाठ्यपुस्तकात याचे उदाहरण नेहमी बँकेचे असते : एका खात्यातून ५०० रुपये वजा झाले आणि दुसऱ्यात जमा व्हायच्या आधी वीज गेली, तर वजाबाकीही रद्द झाली पाहिजे.

पण डेटाबेसला फक्त आपल्या आतल्या पायऱ्या बांधता येतात. गोणीतून तराजूत आणि तराजूतून पिशवीत पडणारे धान्य त्या गाठोड्याबाहेर आहे. ‘पावती निघाली’ आणि ‘धान्य मिळाले’ या दोन घटनांमधली जागा कोणतेही सॉफ्टवेअर भरत नाही. तिथे दुकानदार असतो. म्हणून पावती मागून घ्यावी आणि त्यावरचा आकडा वाचावा, निदान कोणाकडून तरी वाचून घ्यावा.

सगळे एकाच डेटाबेसमध्ये का ठेवत नाहीत?

हा प्रश्न वाचक हमखास विचारतात. सोय होईल हे खरे. नंदुरबारचे हजारो मजूर हंगामात ऊसतोडीला गुजरातेत जातात, नवापूरचे रेल्वे स्टेशन तर अर्धे महाराष्ट्रात आणि अर्धे गुजरातमध्ये आहे. एकाच माणसाची दोन राज्यांतली नोंद जुळली तर त्याचा फायदाच आहे. ‘एक देश एक रेशन कार्ड’ त्याच विचारातून आले.

पण सगळे तक्ते एका कीने जोडले की माणसाचा पगार, आजार, प्रवास आणि जमीन एका क्लिकवर एकत्र दिसू लागतात. ऑगस्ट २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालात आधार वैध ठरले, मात्र खासगी कंपन्यांना त्याची सक्ती करू देणारी तरतूद रद्द झाली. सरकारी अनुदानासाठी आधार मागता येते. आधार कायद्याच्या कलम ७ मध्येच मात्र असेही लिहिले आहे की, ज्याला क्रमांक मिळालेला नाही त्याला ओळखीचा दुसरा पर्याय द्यायचा आहे. आणि २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात चुकीची माहिती दुरुस्त करून घेण्याचा हक्क लिहिलेला आहे. प्रत्यक्षात त्या हक्काचा रस्ता अजून सेवा केंद्राच्या रांगेतूनच जातो.

पैसे येत नसतील तर काय पाहावे?

‘लिंक आहे का?’ असे विचारू नका. त्या प्रश्नाचे उत्तर बहुतेक वेळा ‘हो’ असेच येणार. आधारच्या ‘माय आधार’ संकेतस्थळावर ‘बँक सीडिंग स्टेटस’ असा पर्याय आहे. आधारला जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी येतो आणि मॅपरमध्ये सध्या कोणत्या बँकेचे नाव आहे, ते सुरू आहे की बंद, हे दिसते. मोबाइल जोडलेला नसेल तर आधी आधार केंद्र गाठावे लागते.

तिथे दिसणारी बँक आणि तुमच्या मनातली बँक वेगळी असेल, तर ज्या बँकेत पैसे हवे आहेत तिथे जाऊन आधार सीडिंगचा अर्ज द्यायचा. त्यात ‘आधीच्या बँकेतून बदलून घ्यायचे आहे’ असा पर्याय निवडून जुन्या बँकेचे नाव लिहायचे. दिसणारी बँक बरोबर असेल आणि तरी पैसे नसतील, तर प्रश्न बँकेच्या आतल्या तक्त्यात आहे. तेव्हा ‘माझ्या आधारवर तुमच्याकडे नेमके कोणते खाते आहे आणि ते चालू आहे का?’ असे विचारायचे, आणि उत्तर खाते क्रमांकासह घ्यायचे.

मावशीने ओटीपी मला फोनवरून सांगितला (एरवी कोणालाही सांगू नका, हे तिला मीच शंभर वेळा बजावले आहे). स्क्रीनवर त्या शिबिरातल्या बँकेचे नाव आले. कपाटातले पाकीट शोधले, ते उघडलेलेही नव्हते. पुढच्या बाजाराच्या दिवशी ती त्या बँकेच्या केंद्रावर गेली. तीन हप्ते खात्यात होते, साडेचार हजार रुपये. ते काढून ती आपल्या नेहमीच्या बँकेत गेली आणि सीडिंगचा अर्ज दिला. खिडकीवरच्या मुलाने अर्ज पाहून सांगितले, ‘मावशी, तुमचे आधार तर लिंक आहे.’ तिने तो अर्ज त्याच्यापुढे परत सरकवला आणि जुन्या बँकेच्या नावावर बोट ठेवले.